बदामावरचा आळ

घड्याळजींनी मांजराला कानाशी धरलं, तेव्हा त्यांना पहिल्यांदा शंका आली.

कुठलंही घड्याळ हातात आलं की आधी कानाला लावायचं आणि मगच उघडायचं, ही त्यांची जन्माची सवय. त्यातून घरातलं मांजरही सुटलं नव्हतं. सकाळी दुकानाचं शटर वर गेलं की ते टेबलावर उडी मारून यायचं. घड्याळजी त्याला उचलायचे, बरगड्यांना कान लावायचे, "चालू आहे" म्हणायचे आणि पुन्हा टेबलावर ठेवायचे. बायको होती तेव्हा ती दारातून म्हणायची, "माझ्या छातीला कधी लावलात का हो कान?"

"तुझं चालू आहे ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येतं," घड्याळजी म्हणायचे.

मांजराचं नाव मावशी. वाघाची मावशी म्हणून बायकोनेच ठेवलेलं, आणि मावशी म्हटल्यावर अहो-जाहो आपोआप आलं. मावशी जेवल्या का, मावशी रुसल्या का, मावशींना खुर्ची द्या. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, पण मावशींचा मान तसाच राहिला होता. बायकोची आणखी एक गोष्ट राहिली होती. ती सकाळी बदाम खायची आणि त्यातला एक मावशींपुढे ठेवायची. आता घड्याळजी ठेवायचे. मावशी तो चाटायच्या, दाताने दाबून बघायच्या, मग पंजाने टोलवत टोलवत टेबलाखाली घेऊन जायच्या. पुढे त्याचं काय व्हायचं ते त्यांनाच ठाऊक.

त्या सकाळी मावशींनी उडी मारली नाही. खालीच बसून त्या टेबलाकडे बघत राहिल्या, जिना चढायच्या आधी म्हातारं माणूस बघतं तसं. घड्याळजींनी वाकून उचललं तर पिसासारख्या हलक्या लागल्या. कान लावला. आतली टिकटिक पळत होती. उथळ, घाईची. केसाएवढी बारीक स्प्रिंग तेल लागून स्वतःलाच चिकटली की घड्याळ असं पळतं. ऐकणाऱ्याला वाटतं जोरात चाललंय, खरं तर ते बिघडलेलं असतं.

"मावशींचं घड्याळ पुढे जातंय," ते मुलीला म्हणाले.

मुलगी शाळेत भूगोल शिकवायची. घड्याळजींना न्यूमोनिया झाला तेव्हापासून ती आपला संसार नवऱ्यावर टाकून बापाकडे राहायला आली होती. न्यूमोनिया बरा झाला होता, पण डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं, आणि ते वाढवायचा तिने विडाच उचलला होता. तिने मावशींकडे पाहिलं, मग टेबलावरच्या बदामाकडे.

"तरी मी सांगत होते. बदाम देऊ नका, देऊ नका. माणसाचं खाणं मांजराला चालत नाही."

"तुझी आई सात वर्षं देत होती."

"मग सात वर्षं साठत आलं असेल."

"म्हणजे आईने विष घातलं म्हणतेस?"

मुलीने बापाकडे नुसतं पाहिलं. वर्गात कुणी भलतंच उत्तर दिलं की ती अशीच बघत असावी. मग तिने कपाटातली टोपली काढली, तळाशी टॉवेल घातला आणि म्हणाली, "चपला घाला."

जनावरांची डॉक्टर वयाने मुलीपेक्षाही लहान होती. तिने मावशींचा वरचा ओठ अंगठ्याने उचलला. आतली हिरडी एरवी गुलाबी असायची. आज ती जुन्या तबकडीच्या मीनाकामासारखी पांढरट दिसत होती. डॉक्टरने पायाची थोडीशी जागा भादरली, सुई घातली आणि अगदी थोडं रक्त घेतलं. तेवढंही तिने नाइलाजाने घेतल्यासारखं घेतलं.

"काय काय खाते ही?"

"बदाम," मुलगी म्हणाली. "हे देतात. रोज."

"बदाम खाते की चाटते?"

"चाटतात," घड्याळजी म्हणाले. डॉक्टरने वर पाहिलं. "मावशी आहेत त्या," त्यांनी खुलासा केला.

"बरं, मावशी. हे बघा आजोबा, बदाम काही मांजराला विष नाही. साधा, बिनमिठाचा एखादा चाटला तर काही होत नाही. तेल फार असतं, पोट बिघडतं, मोठा तुकडा घशात अडकू शकतो. त्यामुळे न दिलेला बरा. पण बदामाने हिरड्या अशा पांढऱ्या होत नाहीत." तिने मावशींच्या पाठीवरून हात फिरवला. "मला वेगळाच संशय आहे. कांदा किंवा लसूण? कुठल्याही रूपात?"

"छे," मुलगी म्हणाली. "कांद्याची सालसुद्धा मी जमिनीवर पडू देत नाही. स्वयंपाक मीच करते."

घड्याळजी टोपलीच्या कडेची एक सुटलेली काडी आत खोचत होते.

मुलगी रोज सकाळी शाळेत जायच्या आधी सूप करायची. हाडं उकळून, गाजर घालून. दाट, गुळगुळीत, तपकिरी सूप थर्मासमध्ये भरून ठेवायची. घड्याळजींना ते घशाखाली उतरत नसे. आजारपणापासून त्यांना सगळ्यालाच पत्र्याची चव यायची. दोन चमचे घेऊन ते वाटी खाली ठेवायचे, आणि मावशी ती अशी चाटून पुसून काढायच्या की धुवायचं काम राहत नसे. संध्याकाळी मुलगी रिकामी वाटी बघायची आणि म्हणायची, "शाब्बास!" तेवढं म्हणताना तिचा थकलेला चेहरा जो उजळायचा, तो विझवायचा कसा? आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना झाला होता.

"आणखी काही दिवस हे असंच चाललं," डॉक्टर म्हणत होती, "तर दुसऱ्या मांजराचं रक्त चढवावं लागेल. ते मिळेलच असं नाही. कारण सापडलं नाही, तर मी वरवरचे उपाय करत राहीन आणि ही हातची जाईल."

"सुपात काय काय असतं?" घड्याळजींनी मुलीला विचारलं.

"कुठल्या सुपात?"

"माझ्या."

"हाडं, गाजर, कांदा, लसूण. परतून, वाटून, गाळून घेते. का?"

"कांद्याचा तुकडा कधी दिसला नाही त्यात."

"दिसेल कसा? गाळते ना मी. तुमच्या घशाला तुकडे लागतात म्हणून—" आणि ती थांबली. तिने बापाकडे पाहिलं, मग टोपलीकडे.

"दोन चमचे मी घ्यायचो," घड्याळजी म्हणाले. "बाकीचं मावशी."

मग डॉक्टर उठली. "या आजोबा. दाखवते."

पलीकडच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. रक्ताचा थेंब तिने निळ्या रंगात मिसळून काचेवर पसरला, जरा वेळ थांबली, वर तेलाचा एक बारीकसा थेंब सोडला. तो थेंब सोडतानाचा तिचा हात बघून घड्याळजींना बरं वाटलं. हात कामाचा होता. ते वाकले. दुसरा डोळा मिटून घ्यायचा नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. आयुष्यभर एका डोळ्याला भिंग लावून ते तसेच बसत आले होते.

आधी नुसता उजेड दिसला. मग डॉक्टरने चाक जरासं फिरवलं, आणि उजेडातून गोल तबकड्या वर आल्या. फिक्या निळसर, एकमेकींना चिकटून, कितीतरी. आणि जवळजवळ प्रत्येकीच्या कडेला एक गडद निळं बोंड होतं.

खिशातलं जुनं घड्याळ असतं ना, गोल, आणि डोक्यावर किल्ली द्यायचं बोंड? अगदी तसं. घड्याळांनी भरलेला खण कुणीतरी उघडा टाकावा, तसा तो थेंब होता. त्यांच्या दुकानात सगळ्यात लहान जो स्क्रू होता, श्वास टाकला तर उडून जाणारा, त्याच्या माथ्यावर यातली हजारो घड्याळं मावली असती. आणि ही मावशींच्या पायातून आली होती. टेबलाखाली बदाम टोलवणाऱ्या मावशींच्या.

"ही बोंडं..." ते पुटपुटले.

"नसायला हवीत," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "म्हणजे मांजरात एखाददुसरं असतं, पण इतकी नाही. रक्ताचं जे लाल द्रव्य असतं ना, ते मांजराचं फार नाजूक. कांद्यातलं एक रसायन त्याला गंजवतं. गंजलेलं गोळा होऊन कडेला चिकटतं, आणि मग ती पेशी फुटते. कच्चा कांदा, शिजवलेला, वाळवलेला, पूड, कशानेही फरक पडत नाही. गाळल्याने तर नाहीच. तुम्ही-आम्ही तेच सूप प्यायलो तर काही होत नाही."

गंज. हा शब्द घड्याळजींना कुणी समजावून सांगायला नको होता. आयुष्य त्याच्याशी झगडण्यात गेलं होतं. घामाचा एक थेंब आत गेला की पोलादाचं काय होतं ते त्यांनी रोज पाहिलं होतं.

"मग हे बदलायचे कसे?" त्यांनी विचारलं. डोळा काचेवरून निघत नव्हता.

"आपण नाही बदलायचे. कांदा बंद. प्राणवायू, सलाईन, आराम. बाकीचं ती करेल. हाडांच्या आत, मज्जेत नवीन पेशी तयार होतात. जुन्या काढून टाकायच्या, नव्या भरायच्या."

"सगळ्या?"

"सगळ्या. आणि हे काही आजारातच नाही. एरवीही चालूच असतं. दोन-अडीच महिन्यांत मांजराचं सगळं लाल रक्त नवं होतं."

"आणि हे... चालू असताना?"

"म्हणजे?"

"बंद न करता?"

डॉक्टरने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "हो," ती म्हणाली. "बंद न करता."

घड्याळजी सावकाश सरळ झाले. घड्याळ दुरुस्त करायचं तर आधी थांबवावं लागतं. त्याला दुसरा उपायच नाही. पन्नास वर्षांत एकही चाक त्यांना चालत्या घड्याळात बदलता आलं नव्हतं, आणि कधी आपल्याला तसं जमेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. इथे ते टोपलीत, जुन्या टॉवेलवर, डोळे अर्धे मिटून चाललं होतं. कुणाचा हात न लागता.

मावशींना दवाखान्यातच ठेवून घेतलं. बापलेक चालत घरी निघाले.

"महिनाभर मी शाब्बास म्हणत होते," मुलगी म्हणाली. "मांजराला."

"त्यांनी काम चोख केलं होतं."

"हसू नका. कांदा मी घातला बाबा."

"वाटी मी पुढे केली. निम्मं-निम्मं."

"सांगायचं नाही? मी काय छडी मारणार होते?"

"तू शाब्बास म्हणायचीस ते आवडायचं, बाई," घड्याळजी म्हणाले. त्यावर तिने त्यांचा हात धरला आणि रस्ता ओलांडेपर्यंतच काय, नंतरही सोडला नाही.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगण्यात अर्थ नाही. मावशी कधी खायच्या, कधी नाही. एकदा डॉक्टरचा फोन आला तेव्हा तिचा आवाज ऐकूनच घड्याळजी खाली बसले. ती फक्त रक्ताचा आकडा स्थिर आहे एवढंच सांगत होती. हाताला चाळा हवा म्हणून मुलीने दुकान झाडायला काढलं. मोठ्या घड्याळाचं जड कपाट लग्नापासून हललं नव्हतं. दोघांनी मिळून ते पुढे ओढलं. भिंतीशी, धुळीच्या गादीत, बदाम होते. काळे पडलेले, सुरकुतलेले, अलीकडचे त्यातल्या त्यात तपकिरी. काहींवर दाताची बारीक खूण. खाल्लेला एकही नव्हता.

मुलीने एक उचलला. सगळ्यात आतला, भिंतीला चिकटलेला.

"हा आईने दिलेला असणार," ती म्हणाली. त्यानंतर तिने झाडू बाजूला ठेवला आणि कपाट होतं तिथे परत ढकलायला लावलं.

दुसऱ्यांदा काच बघायला डॉक्टरने घड्याळजींना स्वतःहून बोलावलं. तोच निळा रंग, तोच तेलाचा थेंब. बोंडवाल्या तबकड्या अजून होत्या, पण विरळ झाल्या होत्या. त्यांच्या मधे मधे नव्या आल्या होत्या. जराशा मोठ्या, आणि आत निळ्या धाग्यांचं जाळं, कारखान्यातून निघालेल्या मालात भुसा राहावा तसं.

"ह्या ताज्या," डॉक्टर म्हणाली. "आत्ता आत्ता बाहेर पडलेल्या. एक-दोन दिवसांत हे जाळं जाईल, मग जुन्यांसारख्या दिसतील."

घड्याळजींनी इतका वेळ पाहिलं की मागे खोळंबलेल्या कुत्र्याच्या मालकाने खाकरून दाखवलं. कुणी बनवल्या, कुठल्या अवजाराने, कुठल्या उजेडात? हाडाच्या आत तर काळोख. त्यांना काही विचारायचं होतं, पण प्रश्न सापडेना. त्यांनी फक्त काचेला हात जोडल्यासारखं केलं आणि लगेच हात खिशात घातले, कुणी पाहू नये म्हणून.

संध्याकाळी मावशी घरी आल्या. टेबलावर उडी पहिल्या फटक्यात जमली नाही, दुसऱ्यांदा जमली. घड्याळजींनी कान लावला. अजून जरा पुढे होतं, पण टिकटिक खोल झाली होती.

मुलीने सूप आणलं. मावशी लगेच पुढे सरकल्या, शेपूट उभं, डोळे वाटीवर, महिनाभराच्या हक्काने.

"नाही मावशी," घड्याळजी म्हणाले. "हे तुमचं नाही."

त्यांनी पहिला चमचा घेतला. चव तीच, पत्र्याची. पण आज गिळताना ते थांबले. हे आता खाली जाणार. कुणीतरी ते निवडणार, सुटं करणार, यातलं लोह उचलून हाडांच्या काळोखात नेणार, आणि तिथे, ह्या क्षणी, आपण खुर्चीत बसलेलो असताना, निळ्या जाळ्याच्या नव्या तबकड्या घडत असणार. आपल्याला न विचारता. बंद न करता.

त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला. मावशी अपमान झाल्यासारख्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. दारात उभी राहून मुलगी बघत होती. वाटीचा तळ दिसायला लागला तरी ती शाब्बास म्हणाली नाही. घड्याळजींनी मनगटावर दोन बोटं ठेवली होती आणि ते ऐकत होते.