आंग चेकचं दर्शन शेवटी

बुनरिथने एकतीस वर्षं लोकांना देवळं दाखवली. अंगकोर वाट, बायोन, ता प्रोम, बांतेय स्रेई. जपानी आले, फ्रेंच आले, चिनी तर बसगाड्या भरभरून आले. सगळ्यांना त्याने फिरवलं, दमवलं आणि थोडंफार गंडवलंही. कोणता राजा कोणाचा बाप हे त्याला तोंडपाठ होतं. पण ते ऐकता ऐकता पाहुणे जांभया द्यायला लागले, की तो भिंतीवरच्या एखाद्या अप्सरेचं लफडं जागच्या जागी रचायचा. पाहुणे खूश, तोही खूश, आणि अप्सरा काही तक्रार करायला खाली उतरत नाही.

तर असला हा पोहोचलेला माणूस, आणि घरच्या दोन पाहुण्यांची सहल आखताना त्याच्या नाकीनऊ आले. पाहुणे म्हणजे बट्टमबंगची थोरली बहीण योएन आणि तिचा नवरा मीअस. मीअसची काळजी नव्हती. त्या माणसाला इथली, सिएम रीपची सॉसेज खायला मिळाली, की देवळं पडोत नाहीतर राहोत, त्याला घेणंदेणं नव्हतं. भीती होती ती योएनची, आणि त्याहून जास्त एका ठिकाणाची.

राजाच्या बागेसमोर आंग चेक आणि आंग चोमचं लहानसं देऊळ आहे. आत दोन बहिणींच्या मूर्ती, माणसाएवढ्याच उंचीच्या, पण दरारा अख्ख्या जिल्ह्यात. तिथे नवस बोलायचे, तिथेच फेडायचे, आणि दोन माणसांत खरंखोटं करायचं असलं की तिथेच शपथ घ्यायची. खोटी शपथ घेतलेल्या कोणाचं तोंड वाकडं झालं, कोणाची जीभ आत गेली, याच्या गोष्टी बाजारात भाजीबरोबर मिळतात. बुनरिथचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. म्हणजे पाहुण्यांसमोर नव्हता. एकटा असला की होता.

आणि त्याने थाप मारली होती. साधीसुधी नाही, मेलेल्या बायकोच्या नावाने.

झालं असं. बुनरिथला सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं लग्न करायचं होतं. प्रेआह दाकच्या रस्त्यावर तांदळाच्या शेवयांचं दुकान चालवणाऱ्या चान्थू नावाच्या विधवेशी. राजधानीत नोकरी करणारी त्याची मुलगी म्हणाली होती, "करा बाबा, निदान जेवाल तरी वेळेवर." चान्थूची हरकत नव्हती, पण तिची एक अट होती. लग्नात वडीलधाऱ्यांनी मनगटाला दोरा बांधायचा असतो. बुनरिथचे आईवडील उपासमारीच्या आणि कत्तलींच्या त्या वाईट वर्षांत गेले, त्याला पाठीवर घेऊन जगवलं ते योएनने. म्हणून चान्थूने सांगून टाकलं होतं, "तुमच्या बहिणीने माझ्या मनगटाला दोरा बांधला तर लग्न. नाहीतर आहे ते बरं आहे, शेवया खा आणि घरी जा."

आता योएनला विचारायचं कसं? त्याची पहिली बायको वान्नी ही योएनची जिवाभावाची मैत्रीण. स्थळ योएननेच आणलं होतं, आणि चार वर्षांपूर्वी वान्नीच्या शेवटच्या आजारात उशाशीही तीच बसली होती. बुनरिथने फोन लावला, 'बोंग', म्हणजे ताई, अशी हाक मारली, घसा खाकरला, आणि तिकडून नुसतं "हं?" ऐकल्यावर त्याची गाळण उडाली. एकतीस वर्षांची सवय कामाला आली आणि तोंडातून निघून गेलं, "बोंग, वान्नीच जाताना म्हणाली होती, पुन्हा लग्न कर म्हणून."

योएनने ते त्याच्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "मी येते. देवळंही धड कधी बघितली नाहीत. तू सगळं नीट आख. तिथे आल्यावर बोलू."

बुनरिथला तेव्हाच घाम फुटला. बोलू म्हणजे कुठे बोलू, हे त्याला बहिणीने सांगायची गरज नव्हती.

मग त्याने धंद्यातली युक्ती काढली. पाहुण्यांना जे दाखवायचं नसतं त्याला गाईड कधीच नाही म्हणत नाही. ते यादीत शेवटी घालतो. शेवटच्या दिवशी दुपारी पाय दुखतात, ऊन वाढतं, बसची वेळ होते, आणि "अरेरे, राहिलंच की" असं हळहळून सगळे निघून जातात. कागद बरोबर, गाईड बरोबर, चूक सगळी वेळेची. त्याने तीन दिवसांची यादी केली आणि बहिणीला फोनवर वाचून दाखवली.

"पहिल्या दिवशी सकाळी सहाला अंगकोर वाट. मागच्या, पूर्वेच्या दाराने जाऊ."

"मागच्या दाराने का? मी काय चोर आहे?"

"सावली असते बोंग. जाणते लोक तिकडूनच जातात."

"बरं. पुढे."

"मग ता प्रोम. देवळावर मोठमोठी झाडं चढलीत."

"माझ्या माडीवर पिंपळ उगवला तेव्हा तर तू मला आळशी म्हणाला होतास. पुढे."

"बांतेय स्रेई. गुलाबी दगड, बारीक नक्षी."

"पायऱ्या किती?"

"एक-दोन."

"मग चालेल."

"दुसऱ्या दिवशी कुलेनचा डोंगर. निजलेला बुद्ध, नदीच्या तळाला कोरलेली लिंगं, धबधबा."

मागून मीअसचा आवाज आला, "सॉसेज कुठल्या दिवशी?"

"भावोजींना सांग, तिसऱ्या दिवशी सकाळी जुना बाजार. मग दुपारी..." बुनरिथने आवाज जमेल तितका साधा ठेवला, "दुपारी आंग चेकचं दर्शन. आणि तीनला बस."

"दुपारी? शेवटी?"

"सकाळी तिथे फार गर्दी असते गं."

"देवाच्या दारात गर्दी नसणार तर काय दाताच्या डॉक्टरकडे असणार?"

"गुडघे तुझेच दुखतात, म्हणून म्हटलं."

"माझ्या गुडघ्यांची तुला भलतीच काळजी," योएन म्हणाली. आणि मागे मीअसला पिशव्या काढायला सांगू लागली. यादी मान्य झाली असं धरून बुनरिथने फोन ठेवला आणि पोटभर पाणी प्यायला.

दुसऱ्या दिवशी चान्थूकडे शेवया खाताना तो फुशारकी मारत होता. केवढी अवघड सहल, पण कशी बसवली! चान्थू माशाचा हिरवा रस्सा ढवळत ऐकत होती. ती म्हणाली, "एवढं ते देऊळ टाळायचं कशाला? बहिणीला नुसतं विचारायचंच आहे ना?"

बुनरिथने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी सांगितलं. चान्थूचा हात थांबला.

"म्हणजे माझ्या लग्नाला परवानगी कोणाची? एका मेलेल्या बाईची. आणि तीही तुम्ही तिच्या तोंडात कोंबलेली!"

"अगं, कोणाचं काही बिघडलं का त्याने?"

"गाईडसाहेब, त्या दगडाच्या बायकांबद्दल काय वाटेल ते सांगत फिरता, मी कधी बोलले नाही. ही खरी बाई होती. तुमच्याबरोबर तीस वर्षं राहिली, तुमची धुणी धुतली." तिने त्याच्या पुढ्यातला अर्धा वाडगा उचलला. "बहिणीला खरं सांगितल्याशिवाय इकडे यायचं नाही. आणि ती नाही म्हणाली, तर तेही येऊन सांगायचं. मी काही खोटं बोलून मिळालेला नवरा घरात घेणार नाही."

"अगं, माझ्या शेवया तरी..."

"उठा."

तो उठला. पण खरं सांगायचं धाडस काही त्याला झालं नाही. बहीण येईल, दोन दिवस फिरेल, हसेल, खाईल, मन जरा मऊ झालं की एखाद्या सावलीत बसवून सांगू, असं तो मनाची समजूत घालत राहिला. कुलेनच्या धबधब्याजवळ बरं पडेल, पाण्याच्या आवाजात निम्मं ऐकूच जाणार नाही.

ठरल्या दिवशी सकाळी तो कडक इस्त्रीचा गाईडचा शर्ट घालून, भाड्याची गाडी घेऊन, बसथांब्यावर उभा राहिला. बट्टमबंगची बस आली, माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, बहीण काही उतरली नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"ए बारक्या, कुठे आहेस?"

"थांब्यावर! तुम्ही कुठे आहात?"

"बसवाल्याला बागेपाशी थांबायला लावलं. आम्ही आंग चेकच्या दारात आहोत. कमळं घेतली, उदबत्त्या घेतल्या. तू ये."

"बोंग, ते शेवटी आहे! यादीत..."

"तुझी यादी तुझ्याकडे ठेव. ये."

बुनरिथच्या तोंडचं पाणी पळालं. पळून जायचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला, खोटं कशाला सांगा. पण गाडीच्या ड्रायव्हरने ऐकलं होतं आणि तो बागेच्या दिशेने वळलासुद्धा.

देवळाशी नेहमीचा गोंधळ चालला होता. कोणीतरी नवस फेडायला उकडलेली डुकराची मुंडी आणली होती. कोणाच्या तरी पैशाने वाजंत्री बसलेली, ढोलकं आणि बांबूच्या पट्ट्या बडवत होती. पिंजऱ्यातल्या चिमण्या विकणारी बाई ओरडत होती. मीअस पायरीवर बसून कुठूनशा मिळवलेल्या सॉसेजची काडी चघळत होता. त्याने मेव्हण्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "जा आत. ती रात्रभर झोपलेली नाही."

योएन चटईवर पाय एका बाजूला मुडपून, मूर्तींसमोर बसली होती. तिने हातानेच शेजारची जागा दाखवली. बुनरिथ बसला. तिने उदबत्त्या पेटवल्या, तीन स्वतःकडे ठेवल्या, तीन त्याच्या हातात दिल्या.

"आता सांग. या दोघींसमोर. वान्नी जाताना काय म्हणाली?"

"बोंग, या मूर्तींचा इतिहास फार गमतीचा आहे. असं म्हणतात की..."

"इतिहास नको मला."

"वाजंत्र्यात काही ऐकू येत नाही गं."

"त्यांना येतं."

बुनरिथने वर पाहिलं. दोघी बहिणी सोन्याच्या मुलाम्यात, गळ्यात फुलं घालून, हात पुढे करून उभ्या होत्या. हजारो लोकांना त्याने त्यांच्याबद्दल सांगितलं होतं. एकदाही त्यांच्याकडे धड बघितलं नव्हतं. त्याने तोंड उघडलं. 'लग्न कर म्हणाली' एवढे तीन शब्द, शंभर वेळा मनात घोकलेले. ते बाहेर पडेनात.

"नाही म्हणाली," तो म्हणाला.

"काय नाही म्हणाली?"

"लग्नाचं काहीच नाही म्हणाली. संध्याकाळ झाली होती. तिने डोळे उघडले आणि विचारलं, कोंबड्या आत घेतल्या का. मी हो म्हटलं. बस. तेवढंच."

"घेतल्या होत्यास?"

"नव्हत्या."

योएनच्या गालाचा स्नायू हलला. हसू आलं की रडू, त्याला कळलं नाही. "मग मला खोटं का सांगितलंस?"

"तू नाही म्हणशील म्हणून."

"आणि मी आत्ता नाही म्हटलं तर?"

उदबत्तीची राख त्याच्या बोटावर पडली, त्याने झटकलीही नाही. "तर नाही. चान्थूला जाऊन सांगेन. पण बोंग, मला एकट्याला जेवण जात नाही गं. ताट वाढतो आणि बसून राहतो. दिवसभर तोंड चालू असतं माझं, आणि घरी आलो की माझाच आवाज मला नको होतो. वान्नीने सांगितलं नाही. कोणीच सांगितलं नाही. मलाच हवंय." एवढं बोलून त्याला लाज वाटली. सत्तावन्न वर्षांचा बाप्या, आणि चारचौघांत, डुकराच्या मुंडीशेजारी बसून हे बोलतोय. पण बोललेलं परत घेता येत नव्हतं, आणि घ्यावंसंही वाटेना.

योएनने आपल्या उदबत्त्या रेतीत रोवल्या. मग त्याच्या हातातल्या काढून घेतल्या, त्याही रोवल्या. दोघींना नमस्कार केला, सावकाश, तीनदा.

"तू त्या जर्मन लोकांना बायोनला घेऊन गेला होतास," ती म्हणाली. "ती जायच्या चार-पाच दिवस आधी. मी तिचे केस विंचरत होते. तेव्हा ती माझ्याशी बोलली."

"काय बोलली?"

"म्हणाली, हा पुन्हा लग्न करील. करू दे, त्याला एकटं राहता येत नाही. फक्त एक काम कर. तो येऊन सांगेल, की वान्नीनेच सांगितलं होतं. तेव्हा होय म्हणू नकोस. स्वतःच्या तोंडाने, मला हवंय, असं म्हणाला तरच होय म्हण. तीस वर्षांत मला एकदाही नाही म्हणाला तो, मला हवंय म्हणून. दुसरीला तरी म्हणू दे."

ढोलकं वाजतच होती. बुनरिथ तिच्याकडे बघत राहिला. 

"आणखी काय म्हणाली?" त्याने कसंबसं विचारलं.

"म्हणाली, मग तो रडेल," योएन म्हणाली आणि तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. "पोटभर रडू दे म्हणाली. मध्ये बोलू नकोस."