अकरा पावले

"किती काढी टाकशी?" फकीरने तिसऱ्यांदा विचारले.

यंत्र चालवणाऱ्या दोधूने वर पाहिले नाही. खांडबाऱ्याच्या बाजारापलीकडे उमेदमल शेठचा सिनेमाचा तंबू लागला होता. यंत्रामागच्या फळीवर दोधूने फिल्म पसरली होती. दुपारच्या खेळात ती तुटली होती, आणि तुटल्या जागेपासून पुढे तिच्या कडेची भोके फाटत गेली होती. अशी फिल्म यंत्रात अडकते, आणि दिव्यासमोर पळभर अडकली तरी भडकन पेटते.

"चाचा, जेवढी फाटेल शे तेवढी काढनीच पडी," दोधू म्हणाला. "चारेक हात तरी जाईच."

फकीरने कल्हईची झोळी खांद्यावरून खाली ठेवली आणि तो फळीजवळ उकिडवा बसला. फिल्मला हात लावायची त्याची छाती होत नव्हती. त्या चार हातांत त्याची आई होती.

फकीर हा नंदुरबारच्या कल्हईवाल्याचा मुलगा. विसाव्या वर्षी तो मुंबईला पळाला आणि मुक्या चित्रांत घाबरट नोकराचे काम करू लागला. दरोडेखोर आले की फकीर थरथरे, डोळे गरगर फिरवी, त्याचा फेटा ओघळून नाकावर येई आणि थिएटर हसून लोटपोट होई. लोक म्हणत, काय नट आहे! खरे एवढेच होते की, फकीरने उभ्या आयुष्यात नाटक म्हणून कधी केले नाही. तो घोड्याला भीत असे. उंचीला भीत असे. त्या पांढऱ्या दिव्यांना आणि दिग्दर्शकाच्या ओरडण्यालाही भीत असे. कोणाला ते कळत नव्हते, आणि कळू नये अशीच त्याची धडपड होती. कळले असते तर हसू थांबले असते.

कळले ते फक्त खातूनला, त्याच्या आईला.

तेरा वर्षांपूर्वी कंपनी विसरवाडीकडच्या डोंगरात चित्र काढायला आली होती. नदीच्या डोहावर एक कडा होता. दरोडेखोर मागे लागतात आणि नोकर कड्यावरून डोहात उडी टाकतो, असे दृश्य. फकीरला पोहता येत नव्हते. आदल्या दिवशी उडी टाकून दाखवणाऱ्या गड्याचे खांद्याचे हाड मोडले होते. फकीर कड्यावर उभा राहिला आणि त्याचे गुडघे एकमेकांवर आपटू लागले.

"वा, फकीर! असाच थरथर!" दिग्दर्शक ओरडला. कॅमेरावाला दांडा फिरवत होता. आसपासच्या गावांतली माणसे गोळा झाली होती, ती पोट धरून हसत होती. फकीरने खाली पाहिले. पाणी काळे होते. ओरडावे म्हटले तर घशातून आवाज निघेना.

गर्दीत खातून बसली होती. मुलाचे काम एकदा बघावे म्हणून ती आगगाडीने खांडबाऱ्यापर्यंत आणि पुढे बैलगाडीने आली होती. मांडीवर भाकऱ्यांचे फडके होते. ते बाजूला ठेवून ती उठली.

"अरे, हासू नका रे!" ती गर्दीवर ओरडली. "मन्हा पोऱ्याले खरंच भ्याव वाटी ऱ्हायनं!"

लोक अधिकच हसले. ओढणीचे टोक दातांत धरून, अनवाणी, ती सरळ कॅमेऱ्यासमोरून चालत गेली. दांडा थांबला नाही. तिने फकीरचा हात धरला आणि लहानपणी भट्टीजवळून ओढी तसे त्याला मागे ओढले. "चल बेटा, घर चल."

पाच पावले दूर गेल्यावर फकीरने हात हिसकला.

"अम्मा, तूने मेरी नाक कटवाई!"

ती माघारी जाऊन भाकऱ्यांचे फडके घेऊन आली. ते त्याच्यापुढे धरून उभी राहिली. त्याने भाकरी घेतली नाही. पुढे कड्यावरून कपड्यांचे बुजगावणे फेकून कंपनीने उडी उरकली, आणि फकीर घरी न जाता कंपनीबरोबर परस्पर मुंबईला गेला.

दिग्दर्शकाने म्हातारी चित्रातून कापली नाही. चित्र लागले तेव्हा लोक सगळ्यांत जास्त हसले ते तिलाच. मग बोलपट आले. फकीरला मायक्रोफोनपुढे उभे केले तेव्हा त्याचा आवाज पुन्हा घशात अडकला, आणि त्या अडकण्याला कोणी हसले नाही. दीड वर्ष तो स्टुडिओंच्या फाटकांवर हिंडला. शेवटी नंदुरबारला परतला तेव्हा खातूनला तापाने जाऊन चाळीस दिवस झाले होते. घरात तिचा फोटो नव्हता. तसवीर काढून घेणे ती पाप मानी.

म्हणून उमेदमलचा तंबू दरवर्षी आला की फकीर कल्हईची झोळी घेऊन खांडबाऱ्याला येई. शेठ बोलपटाआधी त्या जुन्या चित्राची ही एक रीळ लावी. फकीर मागच्या बाकावर बसून आईची पावले मोजत असे. पहिल्या वर्षी पंधरा होती. फिल्म तुटे, दोधू फाटके कापून जोडी, आणि आई थोडी थोडी कमी होई. गेल्या वर्षी अकरा भरली होती.

"दोधू!" उमेदमल शेठ कनात सारून आत आले. "कव्हय जोडशी? सहा वाजता खेळ शे. नही जमत ते फेक ती रीळ. मुकं चित्र आते कोन देखस?"

फकीर धडपडत उठला. "फेकू नका, शेठ. लोके हासतस ना या रीळले."

"लोके हासतस म्हनीसनच ते ठेयेल शे," शेठ म्हणाले. "पन तंबू पेटना ते मंग कोन हासी? तू?" आणि निघून गेले.

दोधूने फिल्म उजेडाकडे धरली. तो एकेक चौकट बघत पुढे सरकू लागला. फकीर त्याच्या तोंडाकडे पाहत होता.

"हात धरस तेवढं ठेव, दोधू. बाकीनं जाऊ दे."

"माले काय सांगस, चाचा? भोकंसले सांग."

कात्री वाजली तेव्हा फकीरने डोळे मिटले. पुन्हा एकदा वाजली. मग पात्याने खरवडल्याचा आवाज, आणि पिकल्या केळ्यासारखा त्या चिकट औषधाचा वास.

"हात वाचना," दोधू म्हणाला. "चालनं पुरं गयं."

कापलेली पट्टी त्याने गुंडाळून फकीरच्या तळहातावर ठेवली. "ठेव तुन्हाजोडे. पन भट्टीपासून दूर ठेवजो बरं. इस्तो लागना ते तुन्हा हात बी राहाव नही."

सहाचा खेळ भरला. बाजार उरकून आलेली माणसे शेंगा फोडत बसली होती. पेटीवाला पेटी वाजवू लागला. फकीर मागच्या बाकावर होता, पण नजर पडद्यावर ठरेना; सांधा सुटला तर, यंत्र अडकले तर, म्हणून तो सारखा यंत्राकडे वळून पाही. जागा जवळ आली तसे त्याने बाक घट्ट धरले.

पडद्यावर तरुण फकीर कड्यावर उभा राहिला. गुडघे आपटू लागले. फेटा नाकावर आला. लोक हसले. दूर गर्दीत एक म्हातारी उठून उभी राहिली.

आणि एक झटका बसून ती त्याच्याजवळच होती. त्याचा हात तिच्या हातात होता.

लोक आजवर कधी हसले नव्हते इतके हसले. "उडीसन उनी रे, बुढी उडीसन उनी!" म्हातारी उडतच आली म्हणून कोणीतरी ओरडले. फकीरही क्षणभर हसला. मग त्याचा हात आपोआप सदऱ्याच्या खिशाकडे गेला. अकरा पावले तिथे होती, गुंडाळलेली, बोटभर जाडीची.

तंबूबाहेर उमेदमल शेठ विडी ओढत उभे होते. त्यांनी एक पुढे केली आणि काडी ओढली.

"घे, फकीरभाई. आज खूप हासाडं तू लोकेसले."

फकीर घाबरून खिशावर हात ठेवत दोन पावले मागे सरला. विडी त्याने घेतली, पण न पेटवता कानावर खोवली.

नंदुरबारच्या गाडीत शेजारच्याने काडी पेटवली तेव्हा तो जागा सोडून दारापाशी जाऊन उभा राहिला. घरी पोहोचेपर्यंत विडी त्याच्या कानावरच होती.