एकशे बाराव्या पानावरची हिरवी ओळ

मी एक जुने, जाडजूड पुस्तक आहे, मित्रांनो, आणि माझ्या एकशे बाराव्या पानावर एक चूक आहे. ती माझी नाही. पण बदनामी मात्र माझी झाली, म्हणून आज सगळे सांगायला बसले आहे.

माझा विषय करार कायदा. नाव ऐकून लगेच जांभई देऊ नका. दोन माणसांनी एकमेकांना दिलेला शब्द केव्हा पक्का होतो आणि केव्हा हवेत विरून जातो, एवढेच मी सांगते. त्यासाठी माझ्या पोटात अ आणि ब नावाची दोन माणसे राहतात. अ कायम ब ला काहीतरी विकायला निघालेला असतो आणि ब ऐन वेळी माघार घेतो. इतकी वर्षे झाली, पण त्या दोघांचे एकदाही सरळ जमले नाही. मला त्यांचा फार लळा आहे.

छापखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी मोठी ऐट करत असे. बाइंडिंगवाल्या काकांनी मला दोऱ्याने घट्ट शिवले होते आणि पाठीवर सोनेरी अक्षरे उमटवली होती. कायद्याच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आलेल्या एका मुलीने मला विकत घेतले. तिचे अक्षर मोत्याच्या दाण्यासारखे होते आणि पेनातली शाई हिरवी. समासात ती इतकी नेटकी टिपणे काढायची, की छापील मजकुरापेक्षा तीच आधी नजरेत भरत.

तिचा एकच दोष होता. जेवणानंतरच्या तासाला तिला डुलकी लागत असे. एका दुपारी सर मोठ्या आवाजात म्हणाले, "समोरचा गप्प राहिला, तर त्याचा होकार धरावा." ती दचकून जागी झाली. तिने एकशे बाराव्या पानावर ती ओळ हिरव्या शाईत टिपली, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुन्हा डोळे मिटले. सर पुढे म्हणाले, "असं पुष्कळांना वाटतं, आणि ते साफ चूक आहे." वाक्याचा हा दुसरा तुकडा वर्गाने ऐकला, मी ऐकला, पण तिने काही ऐकला नाही.

आता गंमत बघा. त्या ओळीच्या अगदी शेजारी माझ्या छापील मजकुरात नेमके उलटे लिहिलेले आहे. 'केवळ मौन म्हणजे स्वीकृती नव्हे. उत्तर आले नाही तर मान्य आहे असे समजेन, असे म्हणून अ ला ब वर करार लादता येत नाही.' पण माझे छापील अक्षर मुंगीएवढे आणि हिरवी ओळ चांगली ठसठशीत. कोण कशाला मुंग्या निवडत बसतो?

वर्ष संपल्यावर ती मुलगी मला कॉलेजच्या फाटकासमोरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडे देऊन गेली. त्याने पहिल्या पानावरचे तिचे नाव काळ्या शाईने गिरबटून टाकले. पुढे दरवर्षी नवा विद्यार्थी मला घरी नेई आणि निकाल लागला की परत आणून देई. समासातल्या टिपणांमुळे माझे भलतेच कौतुक होई. हे पुस्तक मिळाले की अर्धा अभ्यास झालाच, असे मुले म्हणत. मी फुशारून जाई. मग मौनाचा प्रश्न येई, मुले हिरवी ओळ जशीच्या तशी उतरवत, आणि निकालानंतर मला येऊन आपटत. पुस्तकातच चुकीचं दिलंय, असे त्यांनी म्हटले की मला मेल्याहून मेल्यासारखे होई. मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते, अरे बाबांनो, एक बोटभर डावीकडे बघा.

पुढे माझी नवी आवृत्ती निघाली आणि मला कोणी विचारेना. पुस्तकवाल्याचा टेबलफॅन डुगडुगत होता, त्याच्या एका कोपऱ्याखाली माझी रवानगी झाली. करार कायद्याने कोणाला आधार दिला असे विचाराल, तर मी त्या पंख्याला तब्बल सात वर्षे दिला आहे.

तिथून मला बाहेर काढले गोगीने.

गोगी म्हणजे गोगलगाय. लहानपणी कोणी जरा आवाज चढवला की ती आतल्या आत मिटून जाई, म्हणून घरात पडलेले हे नाव. तिची आई घरी शिवणकाम करायची आणि वडील ट्रक घेऊन फिरतीवर असायचे. नव्या पुस्तकाचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून तिने मला पंख्याखालून ओढले, ओढणीने पुसले आणि उराशी धरून नेले. मला नव्याने शिवून, कापडाचे कव्हर घालून दिले ते तिच्या आईने. वेळीअवेळी दोघी मायलेकी माझ्याभोवती बसत. गोगी वाचून दाखवी आणि आई मशीन थांबवून मध्येच विचारी, "मग त्या ब ने शेवटी घेतलं का नाही ते कपाट?"

कॉलेजात गोगी फार रमली होती. बोलत नसे, पण कान टवकारून ऐके. वकील व्हायचे तिच्या मनाने पक्के घेतले होते, आणि हे फक्त मला आणि तिच्या आईला ठाऊक होते.

एका बुधवारी तिची मोठी आत्या जेवायला आली. आत्या दुसऱ्या गावी चष्म्याचे दुकान चालवायची. माणूस अतिशय प्रेमळ, पण ठरवण्याचे काम नेहमी तीच करणार. दुकानात भरवशाचे माणूस हवे होते, आणि घरची मुलगी असताना बाहेर कशाला शोधायचे, असा तिचा सरळ हिशोब. गोगीने कॉलेज सोडावे, पुढच्या महिन्यापासून आपल्याकडे राहायला यावे, आपण तिला पोटच्या पोरीसारखे सांभाळू, असे तिने भात कालवता कालवता सांगून टाकले. आई म्हणाली, "वन्सं, तिला विचारायला हवं." मग दोघींनी गोगीकडे पाहिले. गोगी ताटाकडे बघत बसली.

"रविवारी मी परत येते," आत्या म्हणाली. "तोवर काही बोलली नाहीस, तर ठरलं असं समजेन."

आता ऐका, मित्रांनो, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीखेरीज कोणी करणार नाही अशी चूक. त्या दुपारी गोगीने मला उघडले, हिरव्या ओळीवर बोट ठेवले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. आत्याने प्रस्ताव मांडला होता. आपण गप्प राहिलो होतो. म्हणजे होकार झाला, करार झाला, आणि आता मागे फिरणे म्हणजे कराराचा भंग. जी वकील व्हायला निघाली आहे, तिनेच करार कसा मोडायचा? आत्याला नाही म्हणायचा धीर तिच्याकडे आधीच नव्हता, आणि आता कायदाही आपल्या विरुद्ध गेला असे तिला वाटले. तिने मलाच खाली धरून कॉलेज सोडण्याचा अर्ज लिहिला. तिचा एक अश्रू माझ्या एकशे बाराव्या पानावर पडला, त्याचा डाग अजून आहे. छापील ओळ तिथून बोटभर दूर होती.

शुक्रवारी तोंडी परीक्षा होती. करार कायदा शिकवणाऱ्या बाईंची एक पद्धत होती. त्या पुस्तक उघडे ठेवून उत्तरे द्यायला लावत. कायदा पाठ करायचा नसतो, शोधता आला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे. गोगी मला घेऊन त्यांच्यासमोर बसली. बाईंनी मौनाबद्दलच विचारले आणि स्वतःच्या मनाने उदाहरण द्यायला सांगितले.

गोगी हळू आवाजात सांगू लागली. अ ही ब ची आत्या आहे. अ ने ब ला जेवताना म्हटले की कॉलेज सोड आणि माझ्या दुकानात ये. ब गप्प राहिली. म्हणून करार झाला.

बाईंनी पेन खाली ठेवले. "ब ला कॉलेज सोडायचंय का?"

"नाही."

"मग करार झाला हे कुठे वाचलंस?"

गोगीने मला त्यांच्यापुढे सरकवले.

"हे हाताने लिहिलेलं सोड. छापलेलं वाच. मोठ्याने."

आणि मित्रांनो, त्या टेबलावर, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझी ती ओळ कोणीतरी मोठ्याने वाचली. गोगी वाचता वाचता अडखळली. तिने ती पुन्हा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना तिचा आवाज चांगला खणखणीत झाला. बाईंनी वर आणखी सांगितले, की घरच्या माणसांनी जेवता जेवता ठरवलेल्या गोष्टी बहुतेक वेळा करार ठरतच नाहीत. "तो पंधरावा धडा आहे. तिथवर तू अजून पोचलेली नाहीस."

मग बाईंनी मला जवळ ओढले. चष्मा कपाळावर सरकवून त्या हिरव्या ओळीकडे बघत राहिल्या. त्यांची बोटे मला ओळखीची वाटली, पण केस पिकलेले पाहून माझी खात्री पटेना. एकाएकी त्या इतक्या मोठ्याने हसल्या, की बाहेर रांगेत उभी असलेली मुले दारातून डोकावली.

"अक्षर माझं आहे," त्या म्हणाल्या. "या प्रश्नाला माझेही मार्क गेले होते. मी मात्र परीक्षकाला नावं ठेवत बसले. सरांच्या वाक्याचा उरलेला तुकडा मैत्रिणीने सांगितला, तोवर पुस्तक विकून झालं होतं."

त्यांनी ती ओळ खोडली नाही. पर्समधून पेन काढून तिच्यापुढे लिहिले, 'असं पुष्कळांना वाटतं, आणि ते साफ चूक आहे.' शाई अजूनही हिरवीच होती. त्या शब्दांनी मला किती हलके वाटले म्हणून सांगू. गोगीने माझ्यात घडी करून ठेवलेला अर्ज काढला आणि तिथेच फाडला.

रविवारी आत्या आली. गोगी मला मांडीवर घेऊन बसली होती. आत्याने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आत्या, मी गप्प बसले म्हणजे हो म्हटलं असं नाही. मला शिकायचंय."

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. "हे तुझा कायदा म्हणतो का तू म्हणतेस?"

"बोलायला अजून उशीर झाला नाही, एवढंच कायद्याने सांगितलं. नाही म्हणतेय ती मीच."

मशीन थांबले होते. आत्याने चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. तेव्हा गोगी जराशी पुढे सरकली. "तुझं गप्प बसणं मी होकार धरणार नाही, आत्या. तू बोल."

आत्याला हसू आवरले नाही. "बोलायला लागलीस की गं. शीक बाई, खुशाल शीक. पण सुट्टीत महिनाभर माझ्या दुकानात यायचं. येशील?"

"येईन," गोगी म्हणाली, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

पंधराव्या धड्याला हा करार मान्य होईल की नाही, मला शंका आहे. पण अ ने विचारले, ब ने मनापासून हो म्हटले आणि कोणी माघार घेतली नाही, असे माझ्यासमोर पहिल्यांदाच घडले.

आता माझे कोपरे झिजले आहेत, पण कव्हर नवे आहे आणि मी गोगीच्या उशाशी असते. मित्रांनो, आमच्या समासात लिहायचे तर जरूर लिहा, फक्त समोरच्याचे वाक्य पुरते ऐकून लिहा. कोणी लिहून ठेवलेले वाचाल, तेव्हा शेजारचे बारीक अक्षरही वाचा. आणि तुमच्या घरात कोणी गप्प बसलेले असेल, तर त्याचे उत्तर तुम्हीच लिहून टाकू नका. थोडे थांबा आणि त्याला विचारा.