केवलरामच्या बांधीत पाणी मुरते

सन छत्तीसच्या दिवाळीनंतर, धान कापून झाल्यावर, आमच्या बिरसीत एक साहेब आले आणि बिनबुडाच्या पिंपात पाणी भरू लागले.

त्यांचं नाव बोधनकर. शेतकी खात्याने त्यांना माती बघायला नागपूरहून पाठवलं होतं. ते पिंपासारखं लोखंडी कडं जमिनीत ठोकत, त्यात बोडीच्या तळ्यातलं पाणी ओतत आणि खिशातलं घड्याळ काढून पाणी उतरायची वाट बघत. उतरलं की पुन्हा ओतत. गावात सगळ्यांचं एकमत झालं की माणूस चांगला आहे, फक्त त्याला कुणीतरी बुडाबद्दल सांगायला पाहिजे.

हे सगळं आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चाललेलं. माझ्या बाबांनी, केवलरामांनी, मोठ्या मनाने परवानगी दिली होती. साहेब शेवटी विहीर खोदणार, अशी त्यांची समजूत होती.

आणि नेमके त्याच वेळी सालेकश्याहून शालीकराम पटले आले. त्यांच्या गिरजाशी माझं लग्न ठरत होतं. गिरजाला मी आमगावच्या बाजारात पाहिलं होतं. ती मोहाच्या टोपल्यांजवळ उभी होती, आणि बघण्याच्या नादात मी टोपलीत पडलो. ती हसली. घरी गेल्यावर तिने सांगितलं म्हणे, की तो पडलेला चालेल. तेव्हापासून मला जेवण गोड लागत नव्हतं. तरी जेवत होतो.

आमच्याकडे मुलीचा बाप आधी बांधी बघतो, मग मुलगा. बांधी पसंत पडली की मुलाकडे फार निरखून बघत नाहीत. माझी सगळी भिस्त त्यावरच होती.

शालीकराम बैलांच्या खासरातून उतरले, शेताच्या कडेच्या मातीच्या धुऱ्यावर उभे राहिले. नवरदेवाचा बाप स्वतःच्या शेताबद्दल खरं बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी साहेबांना गाठलं.

"साहेब, तुमी बाहेरचे मानूस. खरं सांगा जी, येथं कसं काय हाये?"

साहेबांनी कड्यातून डोकं वर केलं नाही. "इथे पाणी मुरतंय," ते म्हणाले. "भयंकर मुरतंय. कुठे मुरतंय तेच सापडत नाही. पण सापडल्याशिवाय मी सोडणार नाही."

शालीकराम बाबांकडे वळले.

"काऊन गा केवलराम, काय लपवून राहिला?"

"मी कायले लपवू?"

"मंग साहेब कायले म्हनन? पोराले पयली बायको हाये का कोठं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. खुद्द माझ्या बाबांनी. "हाये का रे?"

मी साहेबांकडे धावलो. "साहेब, पाणी मुरत नाही म्हणा!"

"पण मुरतंय ना! मोजलंय मी."

"मग जमिनीत मुरतंय म्हणा. आमच्यात नाही."

साहेबांना थोड्या वेळाने उलगडा झाला. ते हसत हसत शालीकरामांना म्हणाले, "अहो, मी खरोखरच्या पाण्याबद्दल बोलत होतो."

शालीकरामांचा चेहरा आणखी पडला. "हे तं जास्त वाईट झालं. बायको असती तं तिले समजावता आलं असतं. बांधीत पानी थांबत नाही तं धान कोठून होईन? माही गिरजा खाईन काय?" आणि ते बैल जुंपायला निघाले.

तेव्हा साहेबांचा चेहरा लाल झाला. लग्नाचं काही नाही, पण कुणी कोडं अर्धवट टाकून जातंय हे त्यांना सहन होईना. "थांबा!" ते ओरडले. "माती म्हणजे नुसता भुगा नसतो. तिच्यात गल्ल्या असतात. पाणी कोणत्या गल्लीने जातं ते दाखवतो."

त्यांनी सदऱ्यांना लावायची नीळ आणली, बादलीत कालवली आणि कड्यात ओतली. गडप! मग कड्याच्या बाजूने मला खणायला लावलं. मातीत एक निळी रेघ दिसली, अंगठ्याएवढी जाड. ती वरच्या भुसभुशीत थरातून खालच्या कडक थरात शिरली, आणि तिथून धुऱ्याकडे वळली. मी खणत गेलो, बाबा विहिरीच्या आशेने खणत आले, साहेब गुडघ्यांवर रांगत आले. शालीकराम कासरा हातात धरून वाकून बघत होते.

त्यांच्या खासराच्या चाकाशी धुऱ्याची माती हलली आणि एक खेकडा बाहेर आला.

निळा.

त्याने दोन्ही नांग्या वर केल्या. साहेबांनी टोपी काढली.

"हाच!" साहेब म्हणाले. "ह्याच्या बिळातून सगळं पाणी जातंय!"

शालीकराम खेकड्याकडे बघत राहिले. "म्हंजे मुरवनारा हा होय?" आणि ते असे हसले की धुऱ्यावरच बसले. बैलही थोडे मागे सरकले.

"आता बीळ बुजवा आणि चिखल तुडवा," साहेब म्हणाले. "एकही कण सुटा राहता कामा नये." हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला. मातीचे सुटे कण त्यांना फार आवडत.

बाबा आणि मी पाणी ओतून तुडवू लागलो. शालीकरामांनी जरा वेळ पाहिलं. पण जन्मभर धान रोवण्याआधी चिखल केलेल्या माणसाला दुसऱ्याचं चुकीचं तुडवणं बघवत नाही. "अस्सा नाचते का बाबू? टाच दाब, टाच!" धोतर खोचून ते उतरले. साहेबही उतरले आणि पहिल्याच पावलाला बसले. मग बसल्या बसल्या हातांनी चिखल दाबू लागले.

कडं पुन्हा ठोकलं, पाणी ओतलं. साहेबांनी घड्याळ धरलं, पण शालीकरामांना घड्याळावर भरवसा नव्हता. त्यांनी कड्यात बोट उभं धरलं. पाणी बोटाच्या पेरावर होतं. सावली सरकली, बैलांनी रवंथ संपवला, पाणी पेरावरच.

"थांबलं," शालीकराम म्हणाले.

शालीकराम उठले, उकरलेल्या धुऱ्याकडे गेले, फावडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"घ्या, जवाई. धुरा बांधा. अन् सरका बाप्पा तिकडं, खेकडा तुमच्या पायापाशी हाये!"