खेळाडूचं माप

आखातातल्या हवल्ली गावातला शिंपी जाफर स्वतःला फुटबॉलचा मोठा जाणकार समजत असे. लहानपणी दाभोळच्या पुळणीवर दोन-चार गोल मारले होते, एवढ्याच भांडवलावर. त्रेसष्ट साली हवल्लीतल्या एका क्लबानं चार नवे खेळाडू घेतले, तेव्हा जुम्म्याच्या नमाजानंतर तो आपल्या दोस्ताला, यूसुफला, घेऊन सराव बघायला गेला आणि कुंपणापाशी उभा राहून लगेच निकाल देऊ लागला.

"हे कसले खेळाडू? नव्या नवरीसारखे चालतायत! एकाची टांग उघडत नाय. क्लबवाल्यांनी डोळे मिटून उचललेत!"

एवढ्यात त्यांतला सगळ्यांत धिप्पाड गडी चेंडूमागे झेपावला. टर्रकन आवाज झाला, चड्डी मांडीपासून कमरेपर्यंत उसवली आणि गडी असा सुटला की थेट गोल मारूनच थांबला.

"बघ, याच्यात आहे दम!" जाफर ओरडला.

"जाफरभाय," यूसुफ म्हणाला, "या चड्ड्या तूच शिवल्यास ना? माप कुणाचं घेतलंस?"

जाफरनं आपल्या काटकुळ्या मांड्यांकडे पाहिलं.

"खेळाडूचंच," तो पुटपुटला. "माझं."