भेगेवरची हिरवी काच

मित्रांनो, मी एक जुनी हिरवी काच आहे. खरं सांगायचं तर आता मी दोन तुकडे आहे. आणि आयुष्यभर माझा जळफळाट झाला तो त्या लालबाईमुळे, म्हणजे शेजारच्या लाल काचेमुळे.

सिद्धपूरच्या बोहरवाडीत एका घराच्या दारावरच्या कमानीत आम्ही दोघी शेजारी बसायचो. दुपारी लालबाईचा उजेड पांढऱ्या फरशीवर पडला की पाहुणे म्हणायचे, "वा, काय रंग आहे!" माझाही उजेड पडायचा हो! पण तो पडायचा हिरव्या गालिच्यावर. कोणाला दिसणार?

मग एकदा गल्लीतला चेंडू आला आणि नेमकी मीच फुटले. लालबाईला साधा ओरखडासुद्धा नाही.

त्या घरात तसनीम आणि तिची आत्या बतूलफोई राहत. सगळे पुरुष मुंबईला गेल्यापासून घराची डागडुजी फोईच करी आणि आता तसनीमला शिकवी. सुटलेला गिलावा खरवडायचा, भिंत भिजवायची, मग चुना दाबून भरायचा. तसनीमला पुढच्या खोलीत मुलींसाठी शिवणवर्ग काढायचा होता. पण तिथल्या भिंतीला छतापासून भेग पडली होती.

"फोई, चुना कालवलाय. भरून टाकते," तसनीम म्हणाली.

"भरशील आणि वरून भिंत गोरी करशील. पण आत ती हलतेय की थांबलीय, हे ठाऊक आहे तुला?"

फोईने माझी एक लांब पट्टी घेतली, भेगेवर आडवी धरली आणि दोन्ही टोकं घट्ट चिकटवली. "भिंत हलली तर ही फुटेल. थंडीपर्यंत शाबूत राहिली, तर खुशाल भर."

म्हणजे बघा माझं नशीब! लालबाईने चमकायचं आणि मी नुसतं ताणून पडून राहायचं.

पाऊस सरता सरता तसनीमचा धीर सुटला. "फोई, काच तर शाबूत आहे. वर्ग सुरू करते ना."

"थंडी पडलीय का?" फोई पुटपुटली. पण पोरीचा चेहरा बघून तिने तिला अडवलं नाही.

वर्गाच्या पहिल्या दिवशी मुली आणि त्यांच्या आया एकत्र जेवायला मोठ्या थाळाभोवती बसल्या. तिथे जेवण मीठ चाखून सुरू होतं, म्हणून तसनीम मिठाची वाटी घेऊन सगळ्यांना चिमूटभर मीठ देत होती. थाळावर लालबाईचा उजेड पडला आणि सगळ्या तिकडेच बघू लागल्या. मी मनात चरफडले. तेवढ्यात भिंत आतून ओढली गेली आणि मी मधोमध तडकले.

आवाज बारीकच झाला. तो फक्त तसनीमने ऐकला. तिने माझ्याकडे पाहिलं. मग मुलींकडे पाहिलं. आज ओढणीआड मला झाकलं असतं, तर तिचा वर्ग सुरू झाला असता.

"सगळ्या उठा," ती म्हणाली. "काच तडकलीय. मागच्या अंगणात चला."

"अगं बेन, मीठ चाखल्यावर उठवतेस? तेही एवढ्याशा काचेसाठी?" एक आई कुरकुरली.

"उठवते. मागाहून हवं तेवढं बोला मला."

थाळ एकटा सोडायचा नाही ही तिथली रीत. म्हणून तोही चौघींनी उचलून बाहेर नेला. फोई मिठाची वाटी घेऊन मागून निघाली.

भिंतीला टेकू लावले आणि पाया उकरला. सांडपाण्याचा नळ फुटला होता. ओल्या विटा तसनीमच्या हातात भुगा होऊन आल्या. "इथेच बसल्या असत्या पोरी," एवढंच ती म्हणाली.

नळ बदलला, पाया बांधून काढला, भेगेवर नवी काच लावली. ती थंडीभर शाबूत राहिली, तर काय तिचं कौतुक! "शहाणी काच," म्हणे. मी फुटले तेव्हा मला कोणी शहाणी म्हणालं नाही. मग तसनीमने स्वतः भेग भरली आणि वर्ग सुरू झाला.

ती शहाणी काच कचऱ्यात गेली. मी मात्र तसनीमच्या बटणांच्या डब्यात आहे.

परवा एका मुलीने विचारलं, "बेन, हा फुटका तुकडा टाकून देऊ?"

"हात लावू नकोस," तसनीम म्हणाली. "ती वेळेवर फुटली, म्हणून तू इथे बसून शिवतेयस."

मित्रांनो, भिंतीला भेग दिसली की घाईने बुजवू नका. ती का पडली ते आधी बघा आणि थोडं थांबा. आणि कधी सिद्धपूरला आलात तर लालबाईकडे खुशाल बघा. पण आधी डबा उघडा.