गिलासावर गिलास

जेवणाच्या सुट्टीत, पोळीचा पहिला घास तोंडात असतानाच मालविकानं मोबाईलवर घरात डोकावून पाहिलं. नांदेडची ही पोरगी लग्न करून लातूरला आली, एका क्लासमध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना जीवशास्त्र शिकवू लागली आणि दहा महिन्यांच्या उर्वीला सांभाळायला निलंग्याकडच्या केवळाबाई आल्या. बाई भली, स्वच्छ हाताची. पण विश्वास ठेवेल तर ती मालविका कसली! हॉलमधल्या घड्याळात तिनं कॅमेरा बसवला, तोही नवऱ्याला न सांगता.

आता मोबाईलवर दिसत होतं ते भलतंच. केवळाबाईंनी फडताळात ताटली ठेवली, तिच्यावर स्टीलचा गिलास उपडा घातला आणि त्याच्या बुडावर दुसरा सुलटा उभा केला. मग उर्वीला पदरानं पोटाशी बांधलं आणि गिलासांकडे टक लावून बसल्या. ओठ पुटपुटत होते. एवढी शिकलीसवरलेली मालविका, पण मनात पहिला शब्द आला तो करणी!

तेवढ्यात वरचा गिलास पडला. केवळाबाई ताडकन उठल्या आणि लेकरासकट दाराबाहेर पळाल्या. मागं उरला नुसता पाळणा.

मालविकानं फोन लावला. केवळाबाईंचा मोबाईल तिथंच फडताळात उजळताना तिला दिसला. मग कसला क्लास आणि कसलं काय! डबा उघडाच टाकून ती रिक्षात बसली. माझी पोर नेली, माझी पोर नेली, एवढंच डोक्यात.

घराचं दार सताड उघडं होतं. समोरच्या रिकाम्या प्लॉटवर, भर उन्हात केवळाबाई बसल्या होत्या. उर्वी पदरात गाढ झोपलेली. मालविकानं तिला ओरबाडूनच घेतलं.

"कुठं चालला होता घेऊन? मी सगळं बघितलंय, घड्याळात!"

"गिलास पडला, ताई. जमीन हालली म्हणून भाईर आले."

"अहो, शेजारी होस्टेलचं बोअर मारतायत! मशीन आहे ती!"

केवळाबाईंनी तिकडं पाहिलं. मशीन नुकतीच थांबली होती.

"त्र्याण्णवच्या भूकंपात मी दारात होते, माझी पोरगी आत. चार पावलं हो, ताई. चारच पावलं. तवापासून गिलास मांडल्याबिगर मला घरात बसवत न्हाई." मग त्या थबकल्या. "घड्याळात बघितलं म्हंजे?"

मालविका उर्वीचं झबलं सारखं करू लागली. तेवढ्यावरून केवळाबाईंना सगळं कळलं. त्यांनी कमरेला खोचलेली घराची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"घर पडलं असतं तर घड्याळानं उचललं असतं व्हय लेकराला? उद्यापासून त्येलाच सांभाळू द्या."

आणि मोबाईलही न घेता त्या चालू पडल्या.

घरात येऊन मालविकानं पडलेला गिलास उचलला. खरं तर तो मोरीत टाकायचा होता. पण हात आपसूक फडताळाकडे गेला आणि तिनं तो पुन्हा होता तसा उभा केला. बाहेर मशीन सुरू झाली. मशीनच आहे, वेडे, तिनं स्वतःला बजावलं. गिलास थरथरला, कलला आणि खणकन ताटलीत पडला.

भानावर आली तेव्हा ती प्लॉटवर उभी होती. पायात चप्पल नव्हती, उर्वीला छातीशी घट्ट आवळलेलं आणि दार पुन्हा सताड उघडं.

"केवळाबाई!" तिनं जीव खाऊन हाक मारली.

गल्लीत कुणी नव्हतं.